प्रसाद कोणाच्या हातून?

रविवारची मिस्सा आटोपत आलेली असते. वेदीपुढें दोन रांगा लागतात. एकीच्या तोंडाशीं धर्मगुरु उभे असतात, दुसरीच्या तोंडाशीं सुती साडी नेसलेली एक शिक्षिका. दोघांच्या हातांतील पात्रें सारखीं, आणि पात्रांतील प्रसाद एकाच वेदीवर, एकाच प्रार्थनेनें सिद्ध झालेला. तरीहि शिक्षिकेच्या रांगेंतून चारपांच माणसें हळूच पाऊल बाहेर काढतात आणि धर्मगुरूंच्या रांगेच्या शेपटाशीं जाऊन उभीं राहतात. कोणी कांहीं बोलत नाहीं. शिक्षिका मान वर न करतां पुढच्या माणसाला प्रसाद देते. हा प्रकार आम्हीं मुंबईकडील एका धर्मग्रामांत अनेकदां पाहिला आहे. तेथें आम्हीं स्वतः कांहीं वर्षें प्रसाद देण्याची सेवा केली, आणि आमच्या रांगेंतूनहि माणसें अशींच निघून गेलेलीं आहेत.

ज्यांच्या घरीं मिस्सा नाहीं त्या वाचकांनीं हें प्रकरण परक्या घरचें समजून पान उलटूं नये. देव आणि माणूस यांच्यामध्यें कोणाचा हात चालतो आणि कोणाचा चालत नाहीं, या प्रश्नानें महाराष्ट्राला पुष्कळ छळलें आहे. पंढरपूरचें मंदिर अस्पृश्य मानलेल्या समाजाला मोकळें व्हावें म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यांत उपोषणास बसावें लागलें. चर्चमध्यें तसली बंदी नाहीं हें खरें. परंतु पूर्वग्रह दाराबाहेर ठेवून आंत यावें, अशी सोय अजून कोठल्याच मंदिरांत झालेली नाहीं.

प्रथम वस्तुस्थिति सांगतों. कॅथलिक श्रद्धेप्रमाणें मिस्सेंत भाकर आणि द्राक्षरस यांचें ख्रिस्ताच्या शरीरांत व रक्तांत परिवर्तन होतें, आणि हा विधि करण्याचा अधिकार केवळ दीक्षित धर्मगुरूचा आहे. त्याविषयीं येथें वाद नाहीं. वाद आहे तो त्यानंतरच्या कृतीविषयीं. सिद्ध झालेला ख्रिस्तप्रसाद, ज्याला सामान्यतः कम्युनियन म्हणतात, तो लोकांना द्यावयाचा कोणीं? रोमन परंपरेंत शतकानुशतकें हें काम धर्मगुरु व डीकन यांच्यापुरतें राखलेलें होतें. २९ जानेवारी १९७३ रोजीं, पोप सहावे पॉल यांच्या कारकीर्दींत, ‘इमेन्से कारितातिस’ नांवाचा निदेश निघाला आणि योग्य अशा प्रापंचिक स्त्रीपुरुषांना बिशपच्या अनुज्ञेनें हें काम सोंपविण्याची वाट मोकळी झाली. १९८३ च्या लॅटिन धर्मसंहितेनें हीच गोष्ट २३० व ९१० या कलमांत कायम केली. पौर्वात्य परंपरेच्या चर्चेसची संहिता १९९० सालची. तिच्या ७०९ व्या कलमानें प्रसाद धर्मगुरूनें द्यावा असा मूळ नियम सांगून, इतर श्रद्धावंतांनाहि तो देतां यावा यासाठीं योग्य ते नियम करण्याची मुभा त्या त्या चर्चच्या सिनॉडला दिलेली आहे. ही दुसरी संहिता वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. चांद्याच्या जंगलाशीं तिचाच संबंध आहे.

लॅटिन संहितेनें अशा प्रापंचिकाला ‘असाधारण सेवक’ म्हटलें आहे. अर्थ सरळ आहे. बिशप, धर्मगुरु व डीकन हे साधारण सेवक. ते हजर नाहींत, आजारी आहेत किंवा अपुरे आहेत, अशा अडचणीच्या वेळीं जो हात देतो तो असाधारण. आमच्याकडे मात्र हें विशेषण असाधारण बुद्धीच्या आणि असाधारण कर्तृत्वाच्या माणसांना लावण्याची संवय पडलेली असल्यामुळें अडचणीपुरता नेमलेला मनुष्य मानकरी समजला जाऊं लागला. आमच्या मतें या प्रकरणांतील सगळा घोटाळा येथून सुरू होतो. एका पक्षाला हा सेवक धर्मगुरूच्या हक्कांत घुसलेला वाटतो, दुसऱ्या पक्षाला तो धर्मग्रामाचा पुढारी वाटतो. दोन्ही पक्ष वेदीकडे तोंड करून भांडत आहेत. ज्याच्यासाठीं सेवक नेमावयाचा तो मनुष्य वेदीजवळ नसतोच. तो घरीं खाटेवर किंवा नदीपलीकडे असतो, आणि त्याच्याकडे दोन्ही पक्षांची पाठ आहे.

आक्षेपकांचा पहिला मुद्दा पावित्र्याचा आहे. दीक्षेच्या वेळीं धर्मगुरूच्या हातांना पवित्र तैलाचा अभिषेक होतो. ज्या हातांना तो झालेला नाहीं त्यांनीं प्रसादाला स्पर्श करूं नये, असें ते म्हणतात. हा आदर आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. परंतु रूढीचें वय मोजावयाचेंच असेल तर त्यांच्या रूढीहून जुनी साक्ष उपलब्ध आहे. सन १५५ च्या सुमारास रोममध्यें लिहितांना जस्टिन यांनीं नोंदविलें आहे कीं, जे सभेला येऊं शकले नाहींत त्यांच्याकडे डीकन प्रसाद पोंचवीत. तिसऱ्या शतकांतील अलेक्झांड्रियाचे बिशप डायोनिसियस यांचें एक पत्र युसेबियस यांनीं आपल्या चर्चच्या इतिहासांत जपून ठेवलें आहे. त्यांत सेरापियन नांवाच्या एका म्हाताऱ्याची हकीगत आहे. छळाच्या दिवसांत भिऊन मूर्तीला बलि दिल्यामुळें तो समाजाबाहेर पडलेला होता. मरणाच्या रात्रीं त्यानें आपल्या नातवाला धर्मगुरूकडे धाडलें. धर्मगुरु स्वतः आजारी होता. त्यानें प्रसादाचा लहानसा तुकडा त्या मुलाच्या हातीं दिला आणि तो भिजवून आजोबांच्या मुखांत घालावयास सांगितलें. मुलानें तसें केलें आणि म्हातारा शांतपणें गेला. बिशपनें ही हकीगत तक्रार म्हणून लिहिलेली नाहीं; देवाच्या दयेचा दाखला म्हणून लिहिली आहे. चौथ्या शतकांतील संत बेसिल यांच्या नांवावर चालत आलेल्या एका पत्रांत तर, अरण्यांत राहणारे तपस्वी धर्मगुरु जवळ नसल्यामुळें प्रसाद आपल्यापाशीं ठेवून आपल्याच हातानें घेतात आणि त्यांत वावगें कांहीं नाहीं, असें म्हटलें आहे. अभिषेक न झालेल्या हातांनीं प्रसादाला स्पर्श केला म्हणून त्या काळच्या चर्चचें पावित्र्य उणावलें, असें म्हणण्याचें धैर्य आक्षेपकांना होईल काय?

दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे. प्रापंचिकांना ऊठसूट वेदीवर आणल्यानें धर्मगुरुपदाचा अर्थच लोकांच्या मनांतून पुसला जाईल, असें ते म्हणतात. आणि २००४ सालीं रोमहून निघालेल्या ‘रेदेम्प्तियोनिस साक्रामेंतुम’ या निदेशाकडे बोट दाखवितात. हा निदेश आम्हींहि वाचला आहे. पुरेसे धर्मगुरु हजर असतांना असाधारण सेवकांना बोलावूं नये, आणि मिस्सा थोडीशी लांबते एवढें कारण त्यासाठीं पुरेसें समजूं नये, असें त्यांत बजावलेलें आहे. आम्हांला हें सर्वस्वीं मान्य आहे. मग आक्षेपकांनीं त्याचा पुढचा अर्धा भागहि मान्य करावा. जेथें धर्मगुरु आहेत तेथें असाधारण सेवक अनावश्यक असेल, तर जेथें धर्मगुरु नाहींत तेथें तो आवश्यक ठरतो. शहरांतल्या रांगेंत त्याला अडविण्यासाठीं जो निदेश वापरावयाचा, तोच जंगलांतल्या वाटेवर त्याला धाडण्यासाठीं कां वापरूं नये? या प्रश्नाचें उत्तर आम्हांला अजून कोणी दिलेलें नाहीं.

आणि शास्त्राचा हा सगळा पसारा बाजूला ठेवून एक घरगुती गोष्ट सांगतों. आमच्या यादींत एक निवृत्त बँक अधिकारी होते. त्यांच्या हातांना कोणताहि अभिषेक झालेला नव्हता. परंतु त्यांच्या रांगेंतून एकहि मनुष्य हललेला आम्हांला आठवत नाहीं. माणसें हलत तीं शिक्षिकेच्या रांगेंतून, आणि कारकुनी करणाऱ्या आमच्या रांगेंतून. तेव्हां अडचण हाताच्या दीक्षेची आहे कीं हाताच्या दर्जाची आहे, हें वाचकांनींच ठरवावें. १० जानेवारी २०२१ रोजीं पोप फ्रान्सिस यांनीं लॅटिन चर्चमधील वाचक आणि अकोलाइट हीं पदें स्त्रियांना रीतसर खुलीं केलीं. कायदा बदलण्यास एक सही पुरली. रांगेंतून बाहेर पडणारें तें पाऊल मात्र कोणाच्या सहीनें थांबत नाहीं.

आतां समर्थकांकडे वळतों, आणि येथें आम्हांला स्वतःकडेहि वळावें लागेल. आमच्या धर्मग्रामांत सेवकांच्या दोन याद्या असत. एक रविवारच्या मिस्सेची, दुसरी आजाऱ्यांच्या घरांची. पहिल्या यादींत सकाळच्या मोठ्या मिस्सेला आपलें नांव नाहीं म्हणून रुसलेलीं माणसें आम्हीं पाहिलीं आहेत. दुसऱ्या यादींत नांव नाहीं म्हणून रुसलेला मनुष्य पाहिला नाहीं. आम्हीहि पहिल्या यादीचेच हौशी होतों. लांब पांढरा झगा घालून वेदीशेजारीं उभें राहण्यांत एक सुख असतें. शेजारी जरा अदबीनें बोलूं लागतात. दुसऱ्या यादींत एका वृद्ध बाईंचें घर आमच्याकडे नेमून दिलेलें होतें. चौथा मजला, लिफ्ट नाहीं. दर रविवारीं प्रसादाची लहानशी डबी गळ्यांत अडकवून त्यांच्याकडे जावयाचें, उशाशीं पांढरें कापड पसरून मेणबत्ती लावावयाची, प्रभूची प्रार्थना त्यांच्याबरोबर म्हणावयाची, आणि त्यांना गिळवत नसल्यामुळें प्रसादाचा अगदीं लहान तुकडा चमचाभर पाण्याबरोबर द्यावयाचा, एवढेंच काम होतें. लागोपाठ दोन रविवार पाऊस होता म्हणून आम्ही गेलों नाहीं. त्याच पावसांतून आम्ही चर्चला मात्र वेळेवर पोंचलों होतों. तिसऱ्या रविवारीं जिना चढून वर गेलों, तों दाराबाहेर चपलांचा ढीग पडलेला होता. अंतकाळच्या प्रसादाला लॅटिन भाषेंत ‘वियाटिकुम’ म्हणतात. आपल्या भाषेंत वाटेची शिदोरी. ती शिदोरी आमच्या स्वाधीन होती, आणि बाई तिच्यावांचून गेल्या. त्यानंतर झगा घालून वेदीशेजारीं उभें राहणें आम्हांला जमलें नाहीं.

पुढें पोटापाण्यासाठीं आम्ही चांद्याकडे येऊन राहिलों, आणि मुंबईच्या चौथ्या मजल्याचें अंतर किती थोडें होतें हें तेथें कळलें. चंद्रपूर, गडचिरोली आणि वर्धा या जिल्ह्यांचा कॅथलिक धर्मप्रांत अजून चांदा याच जुन्या नांवानें ओळखला जातो. तो सिरो-मलबार चर्चचा, म्हणजे केरळच्या पौर्वात्य परंपरेचा आहे. ज्या १९६२ सालीं रोमला दुसरी व्हॅटिकन परिषद सुरू झाली, त्याच सालीं हा मुलूख केरळच्या कार्मेलाइट धर्मगुरूंच्या स्वाधीन झाला. १९७७ सालीं त्याला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. बिशपचें मुख्य चर्च बल्लारपूरला आहे. नारळीपोफळींच्या देशांतून सागवानाच्या देशांत आलेल्या या माणसांनीं मराठी शिकून शाळा व दवाखाने चालविले, याचें श्रेय त्यांना दिलेंच पाहिजे.

परंतु भूगोल कोणाच्याहि भक्तीला भीक घालीत नाहीं. १९८२ सालीं चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या एकट्या गडचिरोली जिल्ह्याचें क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आहे, आणि त्याचा बहुतेक भाग जंगलानें व्यापलेला आहे. गडचिरोलीहून सिरोंचा जवळजवळ २०० किलोमीटर. भामरागडला इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्या एकत्र येतात. वर्षानुवर्षें पावसाळ्यांत पर्लकोटेचें पाणी पुलावर चढून त्या तालुक्याचा बाहेरच्या जगाशीं संबंध तुटत आलेला आहे. बल्लारपूर-चंद्रपूरकडे कोळशाच्या खाणी, कागदाचा कारखाना आणि औष्णिक वीजकेंद्र यांच्या आधारानें कॅथलिक वस्ती थोडीफार एकवटलेली आहे. जंगलाच्या बाजूला मात्र कुटुंबें मूठभर आणि तींहि विखुरलेलीं. एका धर्मगुरूनें पहांटे निघून सिरोंचा गांठावें, मिस्सा करावी, दोन आजाऱ्यांना भेटावें आणि परत यावें, तर दिवस संपतो. त्याच दिवशीं एटापल्लीकडे कोणी अंथरुणाला खिळला असेल तर त्याच्यासाठीं दुसरा दिवस हवा आणि दुसरा धर्मगुरु हवा.

अशा मुलखांत, शिक्षण व अभिषेक असलेला मनुष्य पोंचत नाहीं तेव्हां त्याचें काम दुसऱ्याच्या हातीं द्यावें काय, हा प्रश्न गडचिरोलीला नवा नाहीं. रोमचा निदेश ज्या १९७३ सालीं निघाला त्याच सालच्या डिसेंबरांत बाबा आमटे यांनीं भामरागडजवळ हेमलकसा येथें लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. पुढें डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनें याच जिल्ह्यांत गांवांतल्याच थोडेंफार शिकलेल्या बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केलें. नवजात बालकाचें वजन करणें, श्वास मोजणें, आणि जंतुसंसर्ग झाल्यास इंजेक्शन देणें, येथपर्यंतचें काम त्यांच्याकडे सोंपविलें. ज्यांनीं वैद्यकाच्या पुस्तकाचें एक पानहि उलटलेलें नाहीं त्यांच्या हातीं सुई देणें हें कोणत्याहि पदवीधराच्या अंगावर कांटा आणणारेंच होतें. ३९ गांवांत हा प्रयोग झाला, आणि त्याच्या तिसऱ्या वर्षीं नवजात बालकांच्या मृत्यूंचें प्रमाण तुलनेच्या गांवांपेक्षां ६२ टक्क्यांनीं उतरल्याचें दिसून आलें. १९९९ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानें हा वृत्तांत छापला. २०११ सालीं केंद्र सरकारनें ‘आशा’ सेविकांमार्फत हीच पद्धति देशभर उचलली. डॉक्टरकीची प्रतिष्ठा यानें कमी झाली नाहीं. डॉक्टर आपल्या जागीं राहिले आणि मुलें जगलीं.

संस्कार आणि औषध एक नव्हेत, असें कोणी म्हणेल. बरोबर आहे. पण हा भेद आमच्याच बाजूचा आहे. इंजेक्शन देणाऱ्या बाईला मात्रा ठरवावी लागते, चूक झाली तर जीव जाण्याचें भय असतें. प्रसाद नेणाऱ्याला कांहींच ठरवावयाचें नसतें. वेदीवर जें झालें तें पुरें झालेलें आहे. त्यानें तें सांडूं न देतां पोंचवावयाचें आहे. अधिक अवघड काम अडाणी म्हणून हिणविलेल्या बायकांनीं निष्ठेनें केलें असतां, सोपें काम श्रद्धावंत शेजाऱ्याच्या हातीं देण्यास कचरावें, हें आदराचें लक्षण आम्हांला वाटत नाहीं. आणि मूठभर कुटुंबांसाठीं एवढा खटाटोप कशाला, असें विचारणाऱ्यांनीं सेरापियन किती होते तें मोजून पाहावें.

सिरो-मलबार चर्चमध्यें गेलीं कांहीं वर्षें ‘कुर्बाना’ या उपासनेच्या वेळीं धर्मगुरूनें लोकांकडे तोंड करावें कीं वेदीकडे, यावर मोठा वाद माजला. २०२१ सालीं सिनॉडनें एकरूप पद्धति ठरविल्यावर एर्नाकुलम्-अंगमाली महाधर्मप्रांतांत त्याचा भडका उडाला. दोन्ही बाजूंची कळकळ खोटी होती असें आम्ही म्हणत नाहीं. पण धर्मगुरूचें तोंड कोणीकडे असावें याला जेवढा वेळ, जेवढी शाई आणि जेवढा संताप खर्च झाला, त्याचा दहावा हिस्सा तरी प्रसाद कोणीकडे चालत जावा या प्रश्नाच्या वांट्यास यावा, एवढी आमची मागणी आहे. ७०९ व्या कलमाची किल्ली याच सिनॉडच्या हातीं आहे. ती कोणासाठीं फिरवावयाची, याचें माप सिरोंचा आणि भामरागडच्या अंतरानें घेतलें जावें.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. जेथें दोनतीन धर्मगुरु हजर असतात अशा शहरी चर्चमध्यें रांग लवकर संपावी म्हणून प्रापंचिकांना उभें करणें बंद करावें. दहा मिनिटें अधिक उभें राहिल्यानें कोणाच्या भक्तीला पाय फुटत नाहींत. जो सेवक आजाऱ्याच्या घरीं गेलेला नाहीं त्याला वेदीवर बोलावूं नये. जंगलांतील प्रत्येक लहान समूहांतून, त्याच समूहाचा विश्वास असलेली एक बाई किंवा एक पुरुष निवडावा. पदवी, पगार व देणगी न पाहतां निवडावा. त्यांना त्यांच्या भाषेंत शिकवावें, आणि बिशपच्या अनुज्ञेनें प्रसाद सुरक्षित व सन्मानानें ठेवण्याची जागा जवळच्या प्रार्थनागृहांत करून द्यावी. धर्मगुरूनें वारंवार जाऊन त्यांना भेटावें. त्यांच्यावर काम टाकून मोकळें होऊं नये. पापांगीकार ऐकणें आणि आजाऱ्याला तैलाभ्यंग करणें हें धर्मगुरूचेंच काम आहे, आणि तें दुसऱ्या कोणाला करतां येणार नाहीं. म्हणूनच जें दुसऱ्याला करतां येण्यासारखें आहे तें अडवून धरूं नये.

एकनाथांची कथा महाराष्ट्राच्या प्रत्येक घरांत सांगितलेली आहे. काशीची कावड रामेश्वराला निघालेली असतां वाटेंत तहानेनें तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखांत त्यांनीं ती रिती केली. रामेश्वराला अभिषेक झाला नाहीं म्हणून आजवर कोणीं एकनाथांना दोष दिला नाहीं. आमच्या ख्रिस्ती बांधवांनीं ही कथा परकी समजूं नये. त्यांच्याच धर्मगुरूनें मध्यरात्रीं एका पोराच्या हातीं प्रसाद दिला तेव्हां यापेक्षां वेगळें काय केलें?

सिनॉड आपल्या वेळेनें बसेल, आणि समित्या आपल्या वेळेनें अहवाल देतील. मृग मात्र जूनमध्यें लागतो. नेमणुका त्याआधीं झाल्या, तर पर्लकोटा पुलावर चढण्यापूर्वीं ती लहानशी डबी पलीकडच्या तीरावर, पलीकडच्याच एखाद्या माणसाच्या घरीं पोंचलेली असेल. झाल्या नाहींत, तर आणखी एक पावसाळा आपण इकडे रांगा बदलीत राहूं, आणि पलीकडे कोणाच्या तरी दाराबाहेर चपला जमतील.